पुलावरून पसार

नीळकंठराव शेंडे आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले, त्या दिवशी त्यांनी सामान आत नेण्याआधी त्यांच्या आणि माझ्या दारांमधलं अंतर मोजलं. टांगा रस्त्यात उभा, टांगेवाला डोक्यावर ट्रंक घेऊन ताटकळलेला आणि हे गृहस्थ ओणवे होऊन टेप उलगडतायत. मी दारातच उभा होतो. मला म्हणाले, "टोक धराल जरा?"

मी टोक धरलं. आमची ओळख झाली ती अशी.

"अकरा फूट चार इंच," ते उठत म्हणाले. "म्हणजे तुम्ही घोरलात तर मला ऐकू येणार, मी घोरलो तर तुम्हाला. बरोबरीचा मामला आहे."

शेंडे सरकारी मोजणीदार होते. भोर आणि वेल्ह्याकडच्या डोंगरउतारावरच्या जमिनी, बांध, वहिवाटीच्या वाटा त्यांनी वीस-बावीस वर्षं पायी तुडवल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटकुळे, लग्न केलेलं नाही. का केलं नाही, हे विचारायची भोरमध्ये कुणाची छाती नव्हती. मी तेव्हा गावातल्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. मला ते "मास्तर" म्हणायचे.

त्यांच्या तोंडी दोनच वाक्यं. एक, "अंदाजपंचे नको." आणि दुसरं, "मोजलं का?" दुकानदारानं "चांगलं लांब-रुंद धोतर आहे" म्हटलं, की "मोजलं का?" वाटेवर कुणी "हे काय, इथंच तर आहे" म्हटलं, की "मोजलं का?" आमच्या घरमालकांची आई वारली तेव्हा भेटायला आलेले एक पाहुणे गहिवरून म्हणाले, "आभाळाएवढा मोठा आधार गेला हो!" शेंडे कोपऱ्यात बसले होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसले आणि मी घाईनं त्यांना पाणी आणायला पिटाळलं.

फूट-इंच जाऊन मीटर आले, तेव्हा ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत असं कचेरीत सांगत. पण ते तसेही कुणाशी बोलत नसत, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

जसं माप, तशी वेळ. संध्याकाळी सहाला चहा. मग सायकलच्या रॉकेलच्या दिव्याची काच पुसायची, वात सारखी करायची. साडेसहाला सायकलवर टांग. पूल ओलांडून पलीकडं मैलाच्या दगडापर्यंत जायचं आणि बरोबर सातला परत पुलावर. पुलाच्या तोंडाशी राजारामचं चहाचं हॉटेल होतं. तो आतूनच पोऱ्याला ओरडायचा, "शेंडे गेले! बत्ती पेटव!" गावातले निम्मे लोक घड्याळ लावायचे ते शेंड्यांवर.

अशा माणसाच्या नावानं एके दिवशी कोर्टाचं समन्स आलं.

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सायंकाळी सात वाजता, आरोपी नीळकंठ शेंडे हा विनादिव्याची सायकल घेऊन पुलावरून जात असता शिपाई साळुंखे यांनी हटकले. आरोपी न थांबता पसार झाला.

शेंड्यांनी तो कागद मला वाचायला दिला.

"पसार!" ते म्हणाले. "मास्तर, मी आजवर कधी कुठून पसार झालोय?"

मी म्हटलं, "अहो, सायकलच्या दिव्याची केस ती. सगळे काय करतात? कबूल म्हणायचं, किरकोळ दंड भरायचा आणि घरी यायचं."

"आणि सेवापुस्तकात शेरा? चार वर्षांनी मी निवृत्त होणार. बावीस वर्षं मी लोकांचे बांध सांगत आलो, हा तुझा, हा त्याचा. उद्या कुणीही म्हणेल, हाच तो, पोलिसाला बघून पळालेला." मग खाली बसले. "जे झालं नाही, ते झालं असं सरकारी कागदावर राहता कामा नये."

त्या दिवसापासून आमच्या चाळीतली शांतता संपली. त्यांची तर झोप उडालीच, पण अकरा फूट चार इंचांवर मी होतो. ते घोरायचे थांबले आणि येरझाऱ्या घालू लागले. मला स्वतःला कोर्टाची इतकी धास्ती, की त्या इमारतीवरून जाताना मी रस्त्याची पलीकडची कड धरायचो. आणि शेंड्यांनी मलाच साक्षीदार केलं.

"फक्त एवढंच सांगायचं, की मी रोज दिवा पुसतो आणि लावून निघतो. खरं आहे ना?"

"खरं आहे," मी म्हटलं.

दोन रविवार आम्ही पूल मोजला. मोजणीची लोखंडी साखळी घेऊन ते पुढं, तिचं दुसरं टोक धरून मी मागं. बघ्यांची ही गर्दी. एरवी ती साखळी धरायचा त्यांचा साखळीवाला भागुजी. हिरडसकडच्या एका खेड्यातला तो. ज्या दिवसापासून शेंडे मोजणीवर, त्या दिवसापासून भागुजी त्यांच्याबरोबर.

"भागुजी दिसत नाही हल्ली," मी म्हणालो.

"रजेवर आहे," शेंडे म्हणाले आणि साखळी ताणून धरली. "ढिली सोडू नका, मास्तर. अंदाजपंचे नको."

शिपाई जिथं उभा होता असं त्यानं लिहिलं होतं, तिथून पुलाचं तोंड दिसतच नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मध्ये वडाचं झाड येत होतं आणि रस्त्याला वळण होतं. त्यांनी तीन फूट लांबीचा नकाशा काढला. शाई मी भरली. शिपायाच्या डोळ्यापासून निघालेली तांबडी रेघ वडाच्या बुंध्यावर आपटून संपत होती. नकाशा इतका देखणा झाला, की मला वाटलं, भिंतीवर लावावा.

पण एक गोष्ट मला टोचत होती. शिपायाला काय दिसत नव्हतं, हे ते तासन्‌तास सांगत. त्या संध्याकाळी दिवा लागलेला होता का, असं मी सरळ विचारलं की म्हणत, "नकाशा काय सांगतो ते बघा."

खटल्याच्या आदल्या संध्याकाळी मला राहवेना. उद्या शपथ घ्यायची, तर निदान हा माणूस पुलावरून कसा जातो ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं, म्हणून पावणेसातलाच मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. सात वाजले. शेंडे आले नाहीत. सात वाजून पाच झाले. आणि राजाराम हॉटेलातून ओरडला, "शेंडे गेले! बत्ती पेटव!"

मी धावत गेलो. "राजारामशेठ, कुठं गेले शेंडे?"

"हे काय, आत्ताच न्हाई का गेलं!"

"अहो, मी पुलावरच उभा आहे. कुणी गेलं नाही."

राजारामनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, सात वाजलं न्हवं का? मंग? शेंडं न्हाई जानार तर कोन जानार?"

मी तसाच परत फिरलो. डोकं चालेना. मग एकदम लक्षात आलं, की मी तरी त्यांना पुलाकडं जाताना शेवटचं कधी पाहिलं होतं? दिवा पुसताना पाहिलं होतं. सायकलवर बसताना पाहिलं होतं. पुढचं मी गृहीत धरलं होतं. सगळ्या गावानं धरलं होतं.

वाटेत सरकारी दवाखान्याच्या कुंपणाला त्यांची सायकल टेकलेली दिसली. दिवा लागलेला होता.

दवाखान्याच्या मागं, मुख्य इमारतीपासून लांब एक खोली होती. क्षयाच्या रोग्यांना तिथं ठेवत. दार उघडं होतं आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. आवाज शेंड्यांचा होता, पण असं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. अखंड, गमतीनं, मध्येच हसत. खाटेवर भागुजी होता. ओळखू येऊ नये इतका वाळलेला. शेंडे त्याच्या डोक्यामागं हात घालून त्याला चमच्यानं पेज भरवत होते आणि तलाठ्याची नक्कल करत होते. भागुजी हसला, हसता हसता खोकला, आणि शेंड्यांनी वाटी खाली ठेवून त्याची पाठ चोळली.

त्यांनी मला पाहिलं आणि नक्कल तिथंच थांबवली. हाताला धरून त्यांनी मला बाहेर आणलं.

"मास्तर, हे कुणाला सांगायचं नाही."

"त्या मंगळवारी तुम्ही इथं होता?"

"गेला दीड महिना रोज इथं असतो. त्याची बायको तिकडं गावी, शेतीला खिळलेली. इथं त्याला कोण आहे?"

"मग हेच सांगा ना कोर्टात! डॉक्टर साक्ष देतील. केस संपली!"

"संपेल. आणि शालनचं लग्नही संपेल."

शालन म्हणजे भागुजीची मुलगी. भोंगवलीच्या चांगल्या घरात तिचं जमलं होतं. मुलगा मास्तरकीच्या ट्रेनिंगला, माणसं सुशिक्षित, पण मुलाचा चुलता भलता कडक. मुलीच्या बापाला क्षय आहे असं कळलं असतं, तर त्यानं सुपारी मोडली असती. त्या काळात भलेभले मोडत. सासरी सांगितलं होतं, की भागुजी पाय मोडून पुण्याच्या दवाखान्यात पडलाय. लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

"खोटं मला बोलता येत नाही," शेंडे म्हणाले. "आणि खरं बोलायचं नाही असं त्याला वचन दिलंय. म्हणून तर नकाशा काढला."

त्या रात्री अकरा फूट चार इंचांच्या दोन्ही टोकांना कुणीही घोरलं नाही.

सकाळी कोर्टात आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. शेंड्यांनी गुंडाळलेला नकाशा मांडीवर धरला होता. एकाएकी त्यांनी माझं मनगट दाबलं.

"तिसरा बाक. पांढरा फेटा," ते पुटपुटले. "भोंगवलीचा चुलता तो. बांधाच्या भांडणासाठी आलेला दिसतोय. त्याचं शेत मीच मोजलंय."

मी पाहिलं. फेटेवाला आरामात टेकून बसला होता. आपली केस निघेपर्यंत दुसऱ्यांच्या ऐकायच्या, हीच कोर्टातली करमणूक.

पुकारा झाला. शिपाई साळुंखे आधी उभा राहिला. पोरसवदा शिपाई, टोपी मोठी, मान बारीक. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं, "म्या हटकलं आसता, आरोपी वाऱ्याच्या वेगानं पसार झाला."

लोक हसले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून शेंड्यांकडं पाहिलं.

"वाऱ्याच्या?"

"साहेब, माझा वेग ताशी सहा मैल आहे," शेंडे म्हणाले. "मोजलाय."

लोक आणखी हसले. मग शेंड्यांनी नकाशा उलगडला. वडाचं झाड, वळण, तांबडी रेघ, सगळं समजावून सांगितलं. न्यायाधीश खरोखर लक्ष देऊन पाहत होते. मला आशा वाटू लागली.

"नकाशा उत्तम आहे," ते शेवटी म्हणाले. "पण शिपाई चार पावलं पुढं उभा असेल तर? एवढा खटाटोप कशाला? मला सरळ सांगा. त्या मंगळवारी सात वाजता तुम्ही पुलावर होता की नव्हता?"

शेंडे नकाशाची सुरळी करू लागले.

"होता तर दिवा होता का ते सांगा. नव्हता तर कुठं होता ते सांगा. कुणी साक्षीदार आहे?"

कारकुनानं कागद पाहिला आणि माझं नाव पुकारलं.

मी उठलो. शपथ घेतल्यावर शेंडे कुठं होते ते मला विचारणार, आणि काल संध्याकाळपासून ते मला माहीत होतं. तिसऱ्या बाकावरचा फेटा आमच्याकडं वळला होता. मी शेंड्यांकडं पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "साक्षीदाराची गरज नाही. गुन्हा कबूल आहे."

कोर्टात कुजबुज झाली. सगळ्यात जास्त दचकला तो शिपाई साळुंखे. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

दंड झाला, तो भरला. नकाशा त्यांनी तिथंच कुठंतरी ठेवला, परत आणला नाही. वाटेत मी इतकंच म्हणालो, "तुम्ही तर खोटं बोलत नाही."

"पुलावर होतो असं मी म्हणालो का? कबूल म्हणालो. शब्द नीट ऐकत चला, मास्तर." पुढं त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला तो पडलाच.

त्याच संध्याकाळी साळुंखे आमच्या दारात आला. टोपी हातात.

"साहेब, म्या तुमास्नी बघितलंच न्हवतं," तो म्हणाला. "हवालदारांनी सांगितलं हुतं, पाच केसी पायजेत. म्या हाटेलात बसल्यालो. राजारामशेट म्हनलं, शेंडे गेलं. म्हनून लिवलं. सकाळपास्नं आन्न ग्वाड लागंना. तुमी का कबूल केलंसा?"

"आणि पसार?" शेंड्यांनी विचारलं. तेवढं त्यांना सोडवत नव्हतं.

"थांबलं न्हाई की पसारच लिवत्यात, साहेब. तसा सबूदच हाय."

शेंडे उठले. मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. पण त्यांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा टाकला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी दुपारी तुमची ड्यूटी कुठं असते?"

भागुजी पुढं बरा झाला, हे इथंच सांगून टाकतो. इंजेक्शनं लागू पडली आणि पावसाळा संपता संपता तो घरी गेला. सासरच्यांना सगळं कळलं तेव्हा शालनच्या मांडीवर पोर होतं. चुलता दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी नातवंड खेळवायला मागू लागला. पण त्या रविवारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्न मुलीच्या गावी झालं. वऱ्हाड मालट्रकनं भोरवरून भोंगवलीला परतणार होतं. दुपारी चारच्या सुमाराला शेंड्यांनी आणि मी भागुजीला खुर्चीत बसवून दवाखान्याच्या फाटकाशी आणलं. अंगावर घोंगडं, डोक्याला टॉवेल. कुणीही आजारी म्हातारा वाटावा असा. शेंडे खुर्चीची पाठ धरून मागं उभे राहिले. साळुंखे रस्त्याच्या मधोमध उभा होता, बटणं चकचकीत पुसलेली.

ट्रक आला. साळुंख्यानं जीव खाऊन शिट्टी मारली.

"गाडी बाजूला घ्या! कागदं दाखवा!"

ट्रक बरोबर फाटकासमोर थांबला. मागं उभं वऱ्हाड, बायका, पोरं. मधोमध हिरव्या साडीतली शालन आणि शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला नवरदेव. ड्रायव्हरनं कागद दिले. साळुंख्यानं ते उलटे धरले आणि वाचायला लागला. हेडलाइट लावायला सांगितला, विझवायला सांगितला, पुन्हा लावायला सांगितला. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला चुलता खिडकीतून डोकं काढून खेकसला, "आवो, भर दुपारी दिवं कशाला बघताय?"

"नियम हाय," साळुंखे म्हणाला आणि पान उलटलं.

शालननं फाटकाकडं पाहिलं. तिला कुणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. ती हळूच उभी राहिली. तिनं हाक मारली नाही, हात हलवला नाही. नुसती ट्रकच्या फळीला धरून बघत राहिली. भागुजीनं एकदा मान वर केली. तेवढ्यात चुलत्याची नजर इकडं फिरली आणि त्यानं मान खाली घातली ती घातलीच. साळुंखे वाचत होता. शेंड्यांचा हात भागुजीच्या खांद्यावर होता.

शेवटी कागद परत गेले. ट्रक निघाला, धूळ उडाली, वळणावर दिसेनासा झाला. तरी भागुजी खालीच बघत होता.

"सायेब," त्यानं विचारलं, "पोर रडत न्हवती न्हवं?"

तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलेलं मी पाहिलं होतं. शेंड्यांनीही पाहिलं होतं.

"छे रे," शेंडे म्हणाले, "हसत होती. सारखी हसत होती."

आणि घोंगडं त्याच्या गळ्याशी नीट करून त्यांनी खुर्ची आतल्या बाजूला वळवली.